गालिचा, कसर आणि पुण्याचा पावसाळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्यात या सदरात सतरंज्या आणि घोंगड्या यांच्या निगेविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गाठींच्या गालिच्यांविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. उत्तरांत चार शब्द पुन्हा पुन्हा येतील, ते आधीच सांगून ठेवतो. मागावर गालिच्याच्या लांबीच्या दिशेने ताणलेले दोरे म्हणजे ताणा, आडवे भरलेले दोरे म्हणजे बाणा, ताण्याच्या दोऱ्यांवर गाठ मारून कापलेल्या लोकरीच्या किंवा रेशमाच्या टोकांचा जो मऊ पृष्ठभाग तयार होतो ती लव, आणि दोन्ही टोकांना सुटे राहिलेले ताण्याचे दोरे म्हणजे दशा, अगदी उपरण्याला असतात तशाच.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी श्रीनगरहून आणलेला सहा फूट बाय चार फूट आकाराचा लोकरी गालिचा आमच्या दिवाणखान्यात गेली अनेक वर्षे आहे. त्याचा अर्धा भाग दिवाणाखाली असतो. घराला रंग देण्यासाठी दिवाण हलवला, तेव्हा त्या भागात जागोजागी लव नाहीशी होऊन खालची पांढरी जाळी उघडी पडल्याचे दिसले. काही ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या नळ्या चिकटल्या आहेत. उघड्या भागाला मात्र काहीही झालेले नाही. मी डांबरगोळ्या पसरून ठेवल्या आहेत, ते पुरेसे होईल काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : पुरेसे होणार नाही. आपण वर्णन केलेल्या नळ्या हे कसरीचे घर आहे. मराठीत कसर हा शब्द आपण दोन निरनिराळ्या जिवांना सरसकट लावतो आणि त्यातून उपायांचा घोटाळा होतो. पुस्तकांच्या कपाटात सुळकन पळणारी रुपेरी कसर मुख्यतः कागद, खळ आणि पिष्टमय पदार्थ यांवर जगते. लोकरीत भोके पाडणारी कसर म्हणजे एका लहानशा सोनेरी पतंगाची अळी होय. तो पतंग स्वतः काहीही खात नाही, दिव्याकडे झेपावण्याऐवजी अंधाराकडे पळतो आणि अंधाऱ्या, निवांत जागी लोकरीत अंडी घालतो. त्यातून निघणारी अळी केराटिन पचवू शकते. केराटिन म्हणजे लोकर, केस, पिसे आणि नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात ते प्रथिन. ते पचवण्याची क्षमता फारच थोड्या जिवांना आहे. म्हणूनच आपल्या गालिच्याची लोकरी लव गेली आणि सुती ताणाबाणा जसाच्या तसा शिल्लक राहिला. रोज पायाखाली येणारा, उजेडातला भाग कसर सहसा सोडून देते, हेही आपल्या पत्रातून दिसतेच.

भिंग घेऊन उघड्या पडलेल्या भागाच्या कडेला पाहा. तिथे वाळूसारखे बारीक कण दिसतील आणि लाल नक्षीजवळचे कण लाल, निळ्या नक्षीजवळचे कण निळे असतील. ही अळीची विष्ठा आहे. तिने जी लोकर खाल्ली तिचाच रंग तिला येतो. रंगीत कण आढळले, की उपद्रव तिथेच झाला आहे याबद्दल शंका उरत नाही.

आता करायचे ते असे. गालिचा दुसऱ्या खोलीत न नेता, जुन्या चादरीत गुंडाळून थेट गच्चीवर न्यावा, म्हणजे अळ्या वाटेत गळणार नाहीत. तिथे तो उन्हात, मागची बाजू वर करून, पसरावा आणि मऊ ब्रशने नळ्या, कण आणि मेलेले पतंग झाडून काढावेत. अळीला ऊन आणि हालचाल दोन्ही नको असतात, त्यामुळे पुष्कळशा अळ्या बाहेर पडतात. अंडी मात्र अशा उन्हाने मरतीलच असे नाही. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरने दोन्ही बाजू, विशेषतः कडांची शिवण, दर आठवड्याला आणि किमान दोन महिने काढावी लागते, आणि क्लीनरची पिशवी प्रत्येक वेळी घराबाहेर रिकामी करावी लागते. घरात आसनाएवढे लहान तुकडे असतील, तर ते पूर्ण कोरडे करून, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवल्यास अंड्यांसह सर्व काही नष्ट होते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस तशीच ठेवावी, नाहीतर थंड लोकरीवर दव धरते. आपला गालिचा घरच्या फ्रीझरमध्ये मावणारा नाही, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा ताजे कण दिसू लागले, तर गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडून धुऊन आणि धुरी देऊन घ्यावा. घरच्या पेस्ट कंट्रोलचा फवारा गालिच्यावर मारू देऊ नये; तेलकट औषधाचे डाग लोकरीतून निघता निघत नाहीत.

डांबरगोळ्यांची वाफ बंद पेटीत दाट झाली तरच काम करते. उघड्या दिवाणखान्यात ती कसरीला मारत नाही, माणसांना मात्र त्रास देते, आणि घरात तान्हे बाळ असेल तर त्या अजिबात वापरू नयेत, कारण जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थालिनमुळे फुटतात. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला यांविषयीही अनेकांनी विचारले आहे. जुन्या पिढीच्या पेटीत वेखंड असे हे खरे, पण ती पेटी वर्षातून एकदोनदा रिकामी होऊन तिच्यातील कपडे उन्हात टाकले जात. माझ्या मते यशाचे श्रेय वेखंडापेक्षा त्या उन्हाला आणि झटकण्याला अधिक जाते.

एवढे करूनही उपद्रव परत आला, तर घरातील लोकरीच्या इतर वस्तू तपासाव्यात: शाली, घोंगडी, स्वेटर आणि घरात हार्मोनियम असेल तर तिच्या पट्ट्यांखालचे फेल्ट. खिडकीबाहेरच्या सांदीत पारव्यांनी घरटे केले असल्यास तेही पाहावे. पिसांवर पोसलेली कसर तिथूनच घरात येत राहते. ताणाबाणा शाबूत असल्यामुळे गेलेली लव चांगल्या रफूगाराकडून नव्या गाठी मारून भरून घेता येईल, परंतु ते काम कसर पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच सांगावे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही घरी येऊन सोफा आणि गालिचे शाम्पूने स्वच्छ करणाऱ्यांना बोलावले. त्यांनी यंत्राने फेस करून गालिचा घासला आणि ‘चार तासांत वाळेल’ असे सांगितले. तो तीन दिवस दमट होता. आता त्याला कुबट वास येतो, पांढऱ्या दशा तपकिरी पडल्या आहेत आणि किरमिजी रंग शेजारच्या बदामी रंगात उतरला आहे. काय करावे? (बाणेर)

उत्तर : आपल्यासारखीच गोष्ट एकदा माझ्याही घरी घडली आहे, त्यामुळे आपली हळहळ समजू शकते. माझा एक लहान बलुची गालिचा मी अशाच एका सेवेच्या हवाली केला होता. तो परत चांगला दिसू लागला, पण महिन्याभरात पूर्वीपेक्षा लवकर मळला, कारण फेस लोकरीत तसाच वाळला होता आणि त्या चिकट थरावर पायांची धूळ बसत होती. चूक यंत्र चालवणाऱ्या मुलाची नव्हती. सोफ्याच्या कापडाची रीत त्याने गालिच्याला लावली आणि मी ती लावू दिली.

गालिच्याच्या बाबतीत फसवणूक होते ती लोकरीच्या एका गुणामुळे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. लव वरून कोरडी भासते, त्याच वेळी खालचा सुती ताणाबाणा भिजलेला असतो, आणि पुण्यातील ऑगस्टच्या हवेत तो वाळण्याचे काही कारणच नसते. सूत फार काळ ओले राहिले, की त्यातील तपकिरी द्रव्ये पाण्याबरोबर वर चढतात आणि पाणी जिथे उडून जाते तिथे, म्हणजे दशांच्या टोकांशी, साठतात. दशा तपकिरी होण्याचे कारण हे. कुबट वास हे बुरशीचे काम आहे.

आजच करण्यासारखे काम म्हणजे गालिचा जमिनीवरून उचलणे. लोखंडी खाट असेल तर तिच्यावर, नसेल तर चार-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या उलटसुलट लावून त्यांच्यावर तो सपाट पसरावा, खालून आणि वरून पंखा सोडावा आणि दिवसातून दोनदा उलटावा. हेअर ड्रायर किंवा इस्त्री लावू नये. पूर्ण वाळल्यावर व्हॅक्यूम क्लीनरने बुरशीची भुकटी काढावी. हे काम गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून करावे. उतरलेला रंग घरी काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. प्रत्येक ओल्या प्रयोगाने तो आणखी पसरतो, आणि ब्लीच लावल्यास रंगाबरोबर लोकरही जाते, कारण क्लोरीनचे ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवते. दिवाळीनंतर कोरड्या हवेत तो गालिचे धुणाऱ्याकडेच द्यावा.

धुणारा निवडताना त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘आधी काय करता?’ तो जर पाण्याविषयी किंवा साबणाविषयी सांगू लागला, तर दुसरा पाहावा. जाणकार मनुष्य आधी कोरडी धूळ काढतो. गालिचा उलटा टाकून मागून हलके ठोके दिले, की तळाशी बसलेली वाळू निघते, आणि ती न काढता पाणी घातले तर तिचा चिखल होऊन गाठींत रुततो. त्यानंतर तो प्रत्येक रंगाची परीक्षा घेतो. ही परीक्षा आपणही घरी करू शकता. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून एका रंगावर मिनिटभर दाबून धरावा आणि हलकेच चोळावा. असे प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल आणि काळ्यावर, आणि लवेच्या तसेच मागच्या बाजूने करावे. फडक्यावर रंग उमटला, तर तो गालिचा साध्या पाण्याने धुण्याजोगा नाही. रंग पक्के असतील तर फरशीवर सपाट पसरून, गार पाण्याने आणि सौम्य, अल्कली नसलेल्या साबणाने धुणे, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळणे, लवेच्या दिशेने पाणी निपटणे आणि सावलीत वाऱ्यावर वाळवणे, ही खरी पद्धत आहे. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर आणि गरम पाणी हे तिन्ही लोकरीला वर्ज्य आहेत. रिठा लोकरीला मानवतो, पण त्याचे तपकिरी पाणी फिकट रंगांवर आपली छटा ठेवून जाते, म्हणून पांढरी जमीन असलेल्या गालिच्यावर तो नको.

वापरातला गालिचा तीन ते पाच वर्षांतून एकदा धुतला तरी चालतो. दरवर्षी दसऱ्याला धुण्याची हौस पडद्यांवर भागवावी.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गालिचा गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवतात. धूळ भरपूर निघते, पण हे योग्य आहे का? शिवाय घरात रोबो व्हॅक्यूम आहे, त्याने दशा ओढून तोडल्या आहेत. उरलेल्या दशा कापून कडा सारखी करून घ्यावी का? (औंध)

उत्तर : दशा कापू नयेत. त्या झालर म्हणून मागाहून शिवलेल्या नसतात. त्या गालिच्याच्या ताण्याचीच टोके असतात. त्या कापल्या, की शेवटचा बाणा सुटतो, मग गाठींची पहिली ओळ सुटते आणि उसवण आतपर्यंत जाते. तुटलेल्या भागाची कड जाड सुती दोऱ्याने, बाण्यावरून टाके घालून, ताबडतोब बांधून घ्यावी. लांडी झालेली दशा दिसायला बरी नसली तरी गालिचा टिकतो. रोबो त्या खोलीत फिरवू नये, अथवा दशा गालिच्याखाली दुमडून ठेवाव्यात.

कठड्यावर टाकून बडवणे बंद करावे. ओले-सुके वजन धरून मोठा गालिचा एका रेषेवर लोंबकळतो, सगळा ताण त्या घडीवर येतो आणि जुना ताणा तिथेच तुटतो. मावशींची पद्धत मुळात चुकीची नाही, जागा चुकीची आहे. गालिचा गच्चीवर चादरीवर पालथा टाकावा आणि मागून वेताच्या छडीने हलके ठोकावे. मग उचलून पाहावे, चादरीवर जी राखाडी वाळू दिसेल तिनेच गालिचे झिजतात. वरची धूळ केवळ डोळ्यांना खुपते. तळाशी बसलेले टोकदार कण मात्र प्रत्येक पावलाबरोबर लोकरीचा बुंधा कापत राहतात. इमारतींची बांधकामे सतत चालू असलेल्या आपल्या भागात हे कण अधिक असणार.

आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवताना फिरणारा ब्रश बंद ठेवून केवळ ओढ वापरावी आणि लवेच्या दिशेने जावे. लवेची दिशा तळहात फिरवून कळते: एकीकडून मांजराच्या पाठीसारखी मऊ लागते, उलट फिरवल्यास अंगावर येते. दशांवर नळी नेऊ नये. व्हिट्रिफाइड फरशीवर गालिचा सरकतो, म्हणून खाली फेल्टचे अस्तर घालावे, ते चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर लहान कापावे. बाजारात मिळणारी स्वस्त प्लास्टिकची जाळी उन्हाळ्यात चिकट होऊन फरशीला आणि गालिच्याला धरते. सहा महिन्यांनी गालिचा अर्ध्या वर्तुळात फिरवून ठेवावा, म्हणजे येण्याजाण्याची वाट एकाच ठिकाणी पडत नाही.

प्रश्न : चैत्रातल्या हळदीकुंकवाला गालिच्यावर हळद सांडली. मी साबणाचे पाणी लावताच डाग लालभडक झाला. घाबरून तसाच ठेवला आहे. चहाचे आणि गुलालाचे डागही आहेत. (कोथरूड)

उत्तर : आपण गालिच्यावर कुंकू तयार केले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि पारंपरिक कुंकवाची कृती त्यावरच आधारलेली आहे. साबण चुन्याप्रमाणेच अल्कलीयुक्त, म्हणून तीच किमया घडली. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांत बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपल्यास तो पुन्हा पिवळा होईल. अर्थात शेजारच्या रंगाची परीक्षा आधी मागच्या बाजूला घ्यावी. उरलेला पिवळेपणा पाण्याने जाणार नाही, कारण हळद हा लोकरीचा जुना रंगच आहे, तिला लोकरीवर बसण्यासाठी कोणाची मदत लागत नाही. परंतु ती उजेडाला फार कच्ची असते. बाकीचा गालिचा जाड चादरीने झाकून तेवढा डाग काही दिवस सकाळच्या उन्हात ठेवला, की तो फिकट होत जातो. पुष्कळ घरांत उन्हातल्या साडीवर हा अनुभव आलेला असतो.

गुलालाचा, कुंकवाचा आणि रांगोळीचा नियम वेगळा आहे. ही कोरडी पूड आहे तोवर ती केवळ वर बसलेली असते. पाणी लागले, की तो रंग होतो. म्हणून ओले फडके दूर ठेवून व्हॅक्यूमच्या नळीने, ब्रश न लावता, ती वरच्यावर ओढून घ्यावी, बोटानेही चोळू नये. उरलेला ठसा चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवून उचलता येतो. गणपतीत ज्या खोलीत गुलाल उधळला जातो तिथला गालिचा आधीच गुंडाळून ठेवणे अर्थात सर्वांत सोपे.

चहा सांडला तर पहिली दोन मिनिटे महत्त्वाची असतात. पांढरा सुती पंचा घडी करून डागावर ठेवावा आणि त्यावर टाचेने उभे राहावे. घडी बदलत राहावी. टिपायचे, पुसायचे नाही. नंतर थोडे गार पाणी, पुन्हा टिपणे, आणि शेवटी व्हिनेगरचे तेच पाणी. दुधाच्या चहात स्निग्धांश असल्याने कधी वासही येतो. तेव्हा सौम्य शाम्पूचे चारदोन थेंब पाण्यात घालून टिपावे. तुपाचा, पणतीच्या तेलाचा डाग असेल तर त्यावर बेसन किंवा मुलतानी माती दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ओढून घ्यावी. एकदोनदा करावे लागते. मीठ टाकण्याचा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, तो मानू नये. मिठाचे कण लवेत राहतात आणि पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून तेवढीच जागा सतत दमट ठेवतात.

प्रश्न : ऑनलाइन ‘हाताने बनवलेला रेशमी गालिचा’ म्हणून घेतलेला गालिचा दोन वर्षांत खालून पांढरी भुकटी सोडू लागला आहे. पाणी सांडले तिथे पिवळट कडक डाग पडला. (वाकड)

उत्तर : गालिचा उलटून पाहा. गाठींच्या गालिच्याची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते, गाठी किंचित वेड्यावाकड्या असतात. आपल्या गालिच्याच्या मागे बहुधा कापड चिकटवलेले असेल. हा टफ्टेड प्रकार होय: पिस्तुलासारख्या हत्याराने कापडात धागे ठोसून मागून लॅटेक्सचा गोंद लावतात आणि त्यावर दुसरे कापड डकवतात. हाताने बनवलेला हे शब्द खोटे नाहीत, पण त्यात गाठ नसते. तो गोंद सुकून फुटतो, तीच आपली भुकटी. ती थांबवता येत नाही, आणि असा गालिचा पाण्यात बुडवून धुता येत नाही.

रेशमाचे म्हणाल, तर लवेतला एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवून पाहा. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि बोटाने चुरडेल अशी काळी राख उरेल. कागद जळल्याचा वास आला, तर तो व्हिस्कोस आहे, ज्याला दुकानांतून बांबू सिल्क म्हणतात. वितळून कडक मणी झाला, तर प्लास्टिकचा धागा. काश्मिरी मालातही स्टेपल नावाच्या चमकदार सुती धाग्याचे गालिचे रेशमी म्हणून विकले जातात, त्यांनाही हीच कसोटी लावावी. व्हिस्कोस ओले झाले की दुबळे होते आणि वाळताना पिवळे पडते. वाळलेला डाग मऊ ब्रशने विंचरून थोडा मोकळा होईल, त्यापलीकडे खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पणजोबांच्या काळापासून आमच्याकडे असलेला गालिचा येरवड्याच्या तुरुंगात विणलेला आहे, असे घरात सांगतात. त्याच्या निळ्या जमिनीत आडवे फिकट-गडद पट्टे आहेत आणि काळ्या रेघा खोल गेल्या आहेत. हे दोष आहेत काय? भिंतीवर लावला तर चालेल का? (डेक्कन जिमखाना)

उत्तर : घरातील गोष्ट अशक्य कोटीतली नाही. एकोणिसाव्या शतकात तुरुंगांतून गालिचे विणण्याची पद्धत रूढ झाली होती. विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनातील प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला आहे. येरवड्यातही चांगले गालिचे होत आणि विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या नमुन्यांवरून तिथे नकला विणल्या जात. आपला गालिचा त्यांपैकी आहे किंवा नाही, हे मात्र पत्रावरून ठरवणे योग्य होणार नाही. नक्षी, गाठ आणि ताण्याचे सूत प्रत्यक्ष पाहणाऱ्याला दाखवावे.

पट्टे दोष नव्हेत. निळीच्या रांजणातून लोकरीची एक लड आज निघाली आणि दुसरी आठवड्याने, तर दोन्हींची छटा तंतोतंत एक येत नाही. विणकराने पहिली संपल्यावर दुसरी लावली, की तिथून पट्टा बदलतो. याला अबरश म्हणतात आणि जाणते लोक तो कौतुकाने पाहतात. हा फरक रेषेसारखा आडवा आणि मागच्या बाजूलाही तितकाच दिसतो. उन्हाने उडालेला रंग मात्र केवळ लवेच्या टोकांना फिकट असतो. लव बोटांनी दुभंगून पाहिली, की बुंध्याशी मूळ गडद रंग सापडतो. काळ्या रेघा खोल जाण्याचे कारणही रंगच आहे. जुना काळा-तपकिरी रंग लोहयुक्त पाण्याने पक्का करत, आणि ते लोह कालांतराने लोकर ठिसूळ करून खाते. आजूबाजूची नक्षी त्यामुळे उठावदार दिसते, जणू कोरलेली. ती तशीच राहू द्यावी. भरून घेऊ नये.

भिंतीवर लावण्यास हरकत नाही, परंतु खिळे ठोकू नयेत. वरच्या कडेच्या मागे रुंद सुती पट्टी शिवून तिच्यातून दांडी घालावी, म्हणजे वजन सारखे वाटले जाते. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1539-40 साली पूर्ण झालेला अर्दबीलचा गालिचा आहे. त्याचे रंग टिकावेत म्हणून त्यावरचे दिवे दर तासाला आणि अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे लावले जातात. आपल्याकडे एवढे करण्याची गरज नाही, दुपारी पडदा ओढला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : आम्ही दोघे मेपासून नोव्हेंबरपर्यंत मुलाकडे अमेरिकेस जात आहोत. फ्लॅट बंद राहील. तीन गालिचे कसे ठेवावेत? (सहकारनगर)

उत्तर : अंथरलेले ठेवून जाऊ नये. बंद घर, अंधार आणि पावसाळ्याचे चार महिने हे बुरशीला आणि कसरीला दिलेले आमंत्रण आहे. जाण्यापूर्वी एप्रिलच्या कोरड्या हवेतच दोन्ही बाजू स्वच्छ करून तासभर पालथे ऊन द्यावे आणि पूर्ण थंड झाल्यावर गुंडाळावे. घड्या घालू नयेत, घडीवर ताणा मोडतो. आत पुठ्ठ्याची जाड नळी ठेवावी, तिला आधी जुने पांढरे कापड गुंडाळावे. लव बाहेरच्या बाजूला राहील अशा रीतीने आणि लवेच्या दिशेने गुंडाळल्यास गाठींच्या मुळांवर ताण येत नाही. त्यावर दोन-तीन वेळा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचे आवरण शिवावे आणि सुतळीऐवजी रुंद नाडीने सैल बांधावे. प्लास्टिक वापरू नये. बाहेरचा दमटपणा आत येत नाही हे खरे, पण आतला बाहेरही जात नाही.

गुंडाळ्या फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत आणि माळ्यावरही टाकू नयेत. आतल्या खोलीतील पलंगावर, गादीवर ठेवाव्यात. गॅलरीतील झाडे घरात आणून ठेवत असाल, तर कुंडी गालिच्यावर किंवा त्याच्या जवळपास ठेवू नये. एका नातेवाइकांच्या घरी मी असा कोपरा पाहिला आहे: वरून काहीही दिसत नव्हते, उचलून किंचित वाकवताच पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि बशीएवढा तुकडा हातात राहिला. कुंडीखालच्या ओलीने सुती ताणा कुजून गेला होता, वरची लोकर मात्र नवी वाटावी अशी होती.

किल्ली ज्यांच्याकडे ठेवणार आहात, त्यांना ऑगस्टच्या मध्यावर उघडीप असेल त्या दिवशी खिडक्या उघडून पंखा लावण्यास आणि एका गुंडाळीचे आवरण सोडून हुंगून पाहण्यास सांगावे. कुबट वास आला, तर तिन्ही सोडून पंख्याखाली पसरावे लागतील. त्यासाठी दिवाणखान्यातील फरशी मोकळी ठेवून जा.